बुधवारची सुवासिनी

जननीचं लग्न शुक्रवारी आणि नांदी बुधवारी, हे घरात कोणालाच खटकलं नाही. नांदी म्हणजे लग्नघरात देवक बसवणं. ते एकदा बसलं की उठेपर्यंत घरची माणसं सुतकाच्या घरी जात नाहीत, वेशीबाहेर जात नाहीत, पोलीस-कोर्टाचं तर नावच काढायचं नाही. तंजावरी घरांत ती लग्नाच्या आदल्या दिवशी होते. पण बालाजीरावांनी एखादी गोष्ट ठरवली की का म्हणून विचारायचं नाही, ही त्या घराला लागलेली जुनी सवय होती. बँकेतून निवृत्त झाले तरी त्यांची केबिन सुटली नव्हती. आता ती वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर थाटली होती, एवढाच फरक.

सोमवारी दुपारी घरचे पुरोहित जयतीर्थाचार्य जागा बघायला आले. होम कुठं, सुमंगली प्रार्थनेला जेवणाऱ्या सुवासिनींची पानं कुठं, गॅसचा सिलिंडर कुठं, सगळं बघून ते मागच्या बाल्कनीत पाणी प्यायला थांबले. तिथं सरोजा, बालाजीरावांची थोरली वैनी, कढीलिंबाची पानं काढत बसली होती.

"आचार्य, एक विचारू?" ती म्हणाली. "नांदी झाल्यावर कोर्टात गेलेलं चालतं?"

"कुणी जायचंय?"

"मीच. बुधवारी माझी साक्ष आहे, सैदापेटला."

आचार्यांनी तांब्या खाली ठेवला. बुधवारचा मुहूर्त त्यांनीच काढून दिला होता. बालाजीरावांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की पाहुणे लवकर येताहेत, नांदी एक दिवस अलीकडे घ्या. बालाजीराव म्हणजे मठाच्या समितीवरचा माणूस. आचार्यांनीही जास्त विचारलं नव्हतं.

"हे बालाजीरावांना ठाऊक होतं?"

"समन्स त्यांनीच घेतलं दारात."

गेल्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, पहाटे फाटकासमोर रांगोळीचा कोलम काढताना सरोजाच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या एका पोरानं ओढून नेलं होतं. आठवडाभर घरात माणसांची रीघ होती. सगळ्यांनी किती पवन सोनं गेलं ते विचारलं, आणि मग हळूच तिच्या नवऱ्याच्या, चंद्रमौळींच्या तब्येतीची चौकशी केली. आचार्यांना बोलावून नवग्रह शांती झाली. हळदीचा दोरा बांधला गेला, मग नवीन मंगळसूत्र आलं, आणि घराच्या लेखी प्रकरण मिटलं. महिन्याभरानं चंद्रमौळींच्या हृदयात स्टेंट घालावा लागला तेव्हा ते पुन्हा उघडलं, पण भलत्याच बाजूनं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण हळदीकुंकवाची आमंत्रणं कमी झाली. फाटकाबाहेर एकटी जायचं सरोजानं तेव्हाच बंद केलं होतं. आधी भीतीनं, मग त्या नजरांनी.

"तुम्हीपण आला होता," सरोजा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. "दोष आहे म्हणालात. अस्के मिळून माझ्या गळ्याकडे बघत होते. मला फरफटत नेलं होतं, आचार्य. साखळी लवकर तुटली नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत नेलं. हा खांदा अजून वर जात नाही. मंत्र चालले होते तेव्हा मी कळ दाबून बसले होते पाटावर."

आचार्य म्हणजे साठी उलटलेला माणूस, हजारो घरांत अडचणीला गेलेला, प्रत्येक अडचणीला त्यांच्याकडे एक विधी तयार असायचा. या वेळी त्यांनी पिशवीतलं पंचांगही काढलं नाही.

"मज दोष काढायला बोलावलं, मी तो काढायला बसलो," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलायचं राहिलं. चुकलं ते." मग म्हणाले, "तुम्हाला जायचंय का? घरच्यांचं सोडा. तुम्हाला?"

"भय वाटतं. पण जायचंय. तोंड मीच बघितलंय त्याचं. आणखी तीन बायकांचं नेलंय त्यानं, पण त्यांनी कोणी बघितलं नाही. तुरुंगात ओळख परेड झाली तेव्हा मी दाखवलं होतं. हवालदार म्हणाले, कोर्टात उभं राहून परत सांगितलं नाही तर ते सगळं वाया."

"मग जायचं," आचार्य म्हणाले, आणि उठून हॉलमध्ये गेले.

*

हॉलमध्ये त्या वेळी नको ते माणूस बसलं होतं. नवऱ्या मुलाची आई रंजनी, मैलापूरहून साड्यांचे रंग जुळवायला आलेली. चारुलता तिच्यासमोर कॉफीचा पेला आणि दबरा ठेवत होती, आणि मनातल्या मनात ही बाई कधी उठते याची वाट बघत होती.

चारुलता पुण्याची. बालाजीरावांशी लग्न करून इथं आली त्याला तीस वर्षं होत आली, तरी "अस्के" हा शब्द ऐकला की तिला अजून गंमत वाटायची. तिच्या माहेरी कोणी 'सगळे'ला असं म्हणत नव्हतं. पण गेल्या आठवड्यात रंजनीनं फोनवर जे सांगितलं त्यात गंमत नव्हती. "सुमंगली प्रार्थनेला पहिल्या पानावर सरोजाक्काला बसवू नका," ती म्हणाली होती. "राग नको मानू. मुलांच्या लग्नाचं आहे, उगाच शंका नको." चारुलतानं "बघते" म्हटलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं होतं. एका दगडात दोन पक्षी मारायची नवऱ्याची हुशारी तिच्या लक्षात आली ती आत्ता, आचार्य बोलू लागल्यावर. नांदी बुधवारी घेतली की सरोजानं साक्षीला जायचं नाही, आणि गेलीच तर पहिल्या पानावर बसायचं नाही.

"बालाजीराव, बुधवारी नांदी होणार नाही," आचार्य म्हणाले. "ती गुरुवारी, नेहमीसारखी. बुधवारी फक्त सुमंगली प्रार्थना."

"पण मुहूर्त तुम्हीच दिला."

"दिला. आता काढून घेतो. थोरल्या सुवासिनीला कोर्टात जायचंय, हे तुम्ही मज सांगितलं नव्हतं."

बालाजीरावांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. बँकेत त्यांनी याहून अवघड माणसं हाताळली होती. "आचार्य, तुम्ही घरच्यासारखे, म्हणून बोलतो. अण्णाला स्टेंट पडलाय. घरात लग्न आहे. तो पोरगा सुटून आला आणि मंडपात येऊन उभा राहिला तर? वैनींना जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण पुढची तारीख मागता येते की."

"पुढची तारीख मागितली तर ती दिवाळीनंतर येईल," आतून येत सरोजा म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल, जननीला दिवस गेलेत, आता कोर्ट नको."

खोलीतून बालाजीरावांची मुलगी जननी हसली. तिचंच लग्न, पण तिला कोणी काही विचारत नव्हतं. "पेरिम्मा सरिया सोल्रा, अप्पा," ती म्हणाली. थोरल्या आईचं बरोबर आहे, हे तिनं तमिळमध्ये सांगितलं, म्हणजे वडिलांना ते जास्त लागेल.

रंजनीनं पेला खाली ठेवला. "आम्हाला यात पडायचं नाही. पण आचार्य, बुधवारची प्रार्थना तरी वेळेवर व्हायला हवी ना? मध्याह्नाला. सरोजाक्का कोर्टातून कधी येणार, कोणाला ठाऊक. दुसरी सुवासिनी आहेच की. चारुलताम्मा स्वतः बसतील पहिल्या पानावर."

आता सगळ्यांनी आचार्यांकडे बघितलं. खरी गोष्ट काय चालली आहे ते त्यांना तोपर्यंत कळलं असावं.

"पहिलं पान घरातल्या थोरल्या सुवासिनीचं," ते सावकाश म्हणाले. "तिच्या गळ्यातून कोणी चोरलं म्हणून ते तिचं राहत नाही, असं मी कुठं वाचलेलं नाही. चोरीचं पाप चोराचं. ती येईपर्यंत मी संकल्प सोडणार नाही. वेळ उलटली तर त्याचं प्रायश्चित्त मी घेईन, माझ्या घरी."

"आमच्या मैलापूरच्या आचार्यांना विचारून बघू का?" रंजनी अगदी गोड आवाजात म्हणाली.

बालाजीरावांनी चटकन मान हलवली. एवढा वेळ ते अशाच वाटेच्या शोधात होते. आणि त्याच वेळी चारुलता उठली.

"विचारा ना," ती म्हणाली. "पण स्वयंपाक्याला मी चार वाजताची वेळ सांगणार आहे. बुधवारी चारच्या आत या घरात पानं मांडली जाणार नाहीत. कोणतेही आचार्य येऊ देत."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. सुमंगली प्रार्थना मंत्रांवर चालते असं पुरुष समजतात. ती वडे, पायसम आणि पोळ्यांवर चालते, हे त्या घरात चारुलताला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

"वहिनी, तुमच्याबरोबर कोण जाणार?" तिनं विचारलं.

"मी जातो," आचार्य म्हणाले. "मठातली दानाची हुंडी फोडली होती तेव्हा त्याच कोर्टात साक्ष दिली होती मी. बसायचं कुठं, बोलायचं किती, माहीत आहे."

"मीपण येतो," असा आवाज आला. खिडकीजवळच्या खुर्चीत चंद्रमौळी पेपर वाचत होते. ते इतका वेळ तिथंच होते, हे बहुतेक सगळे विसरले होते.

"अण्णा, तुम्ही? हृदयाचं..."

"माझ्या हृदयाला काही होत नाही, बाला," चंद्रमौळी म्हणाले. "त्याच्या नावावर काय काय चाललंय ते ऐकूनच झालं असतं तर झालं असतं."

*

सैदापेट मांबलमच्या पुढचंच स्टेशन, पण ते रिक्षानं गेले. रिक्षात सरोजा मध्ये बसली, दोघा म्हाताऱ्यांच्या मधोमध, आणि ताकभाताचा डबा मांडीवर घट्ट धरून होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात आचार्यांची पंचाईत झाली. कपाळावरचा अंगारा, खांद्यावरच्या गोपीचंदनाच्या मुद्रा, शेंडी, पंचा असा माणूस तिथं रोज दिसत नसावा. दोघांनी येऊन नमस्कार केला. कोणा एका आरोपीची आई मुलाला जामीन कधी मिळेल ते बघा म्हणून तळहात पुढे करून बसली. "अम्मा, ते वकिलाला विचारा, मी लग्नं लावतो," असं तमिळमध्ये सांगून आचार्यांनी तिला शेजारी बसायला जागा दिली. मग तिचंही थोडं ऐकून घेतलं.

चंद्रमौळी हे सगळं बघत होते. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कशाची हे त्यांना नीट माहीत होतं. त्या पहाटेनंतर त्यांनी बायकोला सगळी औषधं आणून दिली होती, फिजिओथेरपीला नेलं होतं, नवं मंगळसूत्र स्वतः निवडलं होतं. काय झालं ते मात्र एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर ती रडेल, आणि ती रडली तर आपल्याला सुचणार नाही, एवढंच कारण. स्टेंटनंतर लोक कुजबुजू लागले तेव्हाही ते गप्प राहिले. लोकांचं खरं असेल तर, असा विचार त्यांच्याही मनात एकदा येऊन गेला होता. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नसतं.

"मज तिकडे बघावं लागेल?" सरोजानं आचार्यांना विचारलं. पोलीस त्या पोराला घेऊन आत गेले होते.

"बोट दाखवायला एकदा. बाकी वेळ जजसाहेबांकडे बघा. आणि फार जड झालं तर मजकडे. मी समोरच बसतो."

"आणि काही आठवलं नाही तर?"

"आठवत नाही म्हणा. जे माहीत आहे तेवढंच. घाई करू नका. पाणी मागितलं तर देतात."

पुकारा झाला. पुढचं सगळं फारच साधं होतं. सरकारी वकिलानं विचारलं, तिनं सांगितलं. मग समोरचा वकील उठला. तरुण होता, शर्ट नवा होता.

"अम्मा, पहाटेचा अंधार. तुम्ही खाली वाकून कोलम काढताय. मागून मोटारसायकल येते. मग चेहरा कसा दिसला?"

"मागून नाही आला तो," सरोजा म्हणाली. "समोर थांबला. हेल्मेटची काच वर केली आणि मठ कुठं आहे म्हणून विचारलं. मी उठले, आणि रस्ता दाखवला. फाटकावर दिवा होता. डावीकडे वळा, मग सरळ, असं मी सांगितलं. तो 'सरी मा', बरं अम्मा, म्हणाला. मग ओढलं."

चंद्रमौळींनी मान खाली घातली. ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. रस्ता दाखवणाऱ्या हाताकडूनच त्यानं ओढलं होतं, आणि म्हणून तोच खांदा गेला होता. आठ महिने शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या माणसाला हे एका अनोळखी वकिलाच्या प्रश्नातून कळलं.

"मठाचा रस्ता विचारला म्हणून मी उभी राहिले," सरोजा म्हणाली. हे वकिलानं विचारलं नव्हतं. "नाहीतर मी उठत नाही कोणासाठी. तेव्हापासून मठाचं नाव काढलं की हात आधी गळ्याकडे जातो. मी मठात जाते, पण हात जातोच."

आचार्य जागेवरून हलले नाहीत. पण त्यांनी डोळे मिटले आणि परत उघडले, हे चंद्रमौळींनी पाहिलं. मग तिनं हात उचलला, जेवढा वर जात होता तेवढा, आणि कठड्यातल्या पोराकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर चंद्रमौळींनी ताकभाताचा डबा उघडला आणि झाकणात तिला वाढून दिला. "मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. आणि लगेच, "मी विचारायला हवं होतं."

"होय," ती म्हणाली. "हवं होतं." तिनं भात खाल्ला. तिला खूप भूक लागली होती.

*

परत यायला चार वाजून गेले. हॉलमध्ये केळीची पानं मांडलेली, पहिलं रिकामं. बाकीच्या सुवासिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि भुकेनं एकमेकींवर करवादत होत्या. बालाजीराव मैलापूरच्या आचार्यांना विचारायला गेलेच नव्हते. बायकोनं दोन दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं आणि ते त्यांना झेपलं नव्हतं.

"कोर्टातून आल्या आहेत, आंघोळ करून बसू देत," कोणी तरी म्हणालं.

"रिक्षातून आल्यात, पाय धुवून बसतील," आचार्यांनी उत्तर दिलं आणि स्वतः पाय धुवायला गेले.

चारुलतानं जावेला हाताला धरून पहिल्या पानावर बसवलं. खांदा ज्या बाजूला दुखायचा त्या बाजूला पाटाशेजारी एक उशी ठेवली होती. संकल्प झाला. घराण्यातल्या सुवासिनी असतानाच गेलेल्या बायकांची नावं घेतली गेली, आणि मग सगळ्या अशा जेवल्या की मंत्रांचा आवाजही ऐकू येईना.

तांबूल वाटून झाल्यावर सरोजा हात धुवायला मागं गेली. तिथं रंजनी आधीच उभी होती. नळ चालू ठेवून ती नुसती हातांवर पाणी घेत होती.

"ओळखलंत त्याला?" तिनं विचारलं.

"ओळखलं."

"आता काय होईल?"

"ठाऊक नाही. निकाल लागायला वेळ आहे. वकील म्हणतो सुटणार नाही. बघू."

रंजनीनं नळ बंद केला. "तुम्हाला पहिल्या पानावर बसवू नका, हे मीच म्हटलं होतं."

"ठाऊक आहे मज. चारूच्या तोंडावर लिहिलेलं असतं सगळं."

"तुमच्याकडे बघवत नव्हतं, अक्का." तिनं पदर पुढे ओढला, गळ्यावरून. "माझंपण नेलं. मैलापूरला, देवळाच्या तळ्याच्या कडेनं भाजी घेऊन येत होते. घरी सांगितलं, मरीनावर लाटेत गेलं. सासूबाई होत्या तेव्हा. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला देवघरात पाऊल ठेवू दिलं नसतं. हे अजून मला वेंधळी म्हणतात, समुद्रावर नेत नाहीत. मी म्हणते, होय, आहे मी वेंधळी."

हॉलमधून हसण्याचा आवाज आला. जननीला कोणी तरी चिडवत होतं. सरोजाला एकदम फार वाईट वाटलं, या बाईबद्दल, जिनं गेल्या आठवड्यात तिला पानावरून उठवायचं ठरवलं होतं.

"पोलिसांत?"

"कसं जाणार? आणि आता इतक्या दिवसांनी जाऊन काय?"

"काही होईल की नाही, सांगता येत नाही," सरोजा म्हणाली. "पण तो पोरगा कदाचित हाच असेल, कदाचित दुसरा. तुम्ही बघितलंत त्याला?"

रंजनीनं मान हलवली. बघितलं होतं.

"लग्न होऊ दे. देवक उठू दे. सोमवारी जाऊ मैलापूरच्या स्टेशनात. मी येते तुमच्याबरोबर. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, एवढं लक्षात ठेवायचं."

"तुम्ही? एकट्या याल मैलापूरपर्यंत?"

सरोजानं ओले हात पदराला पुसले. इतक्या महिन्यांत ती फाटकाच्या पलीकडे एकटी गेली नव्हती, आणि हे रंजनीलाही माहीत असणार, कारण असल्या गोष्टी मैलापूरपर्यंत पोचतात. तिनं खरंच विचार केला. किती वाजता निघायचं, कुठल्या बाजूनं चालायचं.

"येईन," ती म्हणाली. "तुम्ही बसस्टॉपवर उभ्या राहा. मी उतरले की लगेच दिसा म्हणजे झालं."